मागच्या बाकावरून उठायचं कसं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातली. यंदा बेळगावात बीकॉम फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतलीय. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, खानापुरात, तिथं सगळ्या ओळखीच्याच होत्या. इथं आल्यापास्नं मी कुणाशी धड बोललेच नाही. वर्गात निम्म्या मुली कन्नडात बोलतात, बाकीच्या इंग्लिशमधनं, मी मागच्या बाकावर, आणि लेक्चर संपलं की खाली मान घालून बसस्टँड. आता एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, नावं घेऊलालेत. मॅडम म्हणाल्या ये म्हणून. पण आई म्हणते तुला शिकायला धाडलंय की झाडू मारायला, आणि दादा म्हणतो असल्यात माइकवर बोलायला लागतंय, तुला जमतंय होय? मागं एकदा घरी फोनवर कन्नडातनं दोन वाक्यं बोलले तर चुलत बहिणी हसल्या, कानडी झालीस म्हणून. मला खरंच बदलायचंय पण भीती वाटते. जाऊ की नको? अभ्यासाचं काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : जा गं. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं बोलू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते खाली मान घालून निघणं मी पण केलंय, फक्त मला बस नव्हती, शहापूरला घरापर्यंत चालत जायचे. पहिले चार महिने कॉलेजात माझा आवाज कुणी ऐकला असेल तर तो हजेरीला, तेवढाच.

दादाचं माइकचं म्हणणं मात्र मला पटत नाही. कुठल्याही कार्यक्रमात माइक एकाच्या हातात असतो आणि वीस पोरं-पोरी मागं राबत असतात, खुर्च्या कुठनं आणायच्या, हॉलची किल्ली कुणाकडं, पाहुण्यांना पाणी कोण देणार, नावांची यादी कुणी लिहायची. माणूस घडतो तो तिथं. कारण आपण नाही गेलो तर कुणाचं तरी अडतं हे पहिल्यांदा कळतं. घरी आपलं काम राहिलं तर आई करून टाकते, वर्गात आपण गैरहजर असलो तर फळ्यावरचं गणित काही थांबत नाही, पण किल्ली आपल्याकडं असली आणि आपण उशिरा गेलो तर पन्नास माणसं व्हरांड्यात उभी राहतात.

माझं सांगते. फर्स्ट इयरलाच एका मॅडमनी मला वक्तृत्व स्पर्धेची नावं घ्यायला बसवलं, मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही भाषांची स्पर्धा होती. मी चिठ्ठ्यांवर नावं घेतली आणि रात्री वहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी चिकोडीकडनं आलेला एक मुलगा टेबलापाशी उभा, पहाटेची पहिली बस धरून आलेला, शर्टाची घडी पण मोडली नव्हती, आणि त्याचं नाव यादीतच नाही. चिठ्ठी माझ्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात राहिली होती. मला रडू यायला लागलं. मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, त्याला शेवटचा नंबर देऊ, पण ते तू जाऊन सांग. त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. आमच्या शेजारच्या अक्कांकडनं ऐकलेले दोनच शब्द आठवले, "तप्पु नंद", चूक माझी. तो म्हणाला, "इर्ली बिड्री". असू दे, सोडा. एवढंच. पण त्या दिवसापासनं मी कन्नडाला घाबरणं सोडलं, आणि चिठ्ठीवर नाव घेणंही सोडलं, थेट रजिस्टरातच लिहायचे.

आता एनएसएसचं. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन. तिचं ब्रीद आहे "नॉट मी बट यू", म्हणजे मी नव्हे, तू. बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे, मिळाला की नीट बघ. काम वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि शिवाय सात दिवसांचा कॅम्प. १२० तास म्हटलं की आई दचकेल, म्हणून तिला हिशेब करून सांग, आठवड्याला अडीच तास पण होत नाहीत. एवढा वेळ आपला बसची वाट बघण्यात जातोच की!

बसवरनं आठवलं, तुझी खरी अडचण भीतीपेक्षा ही असेल असं मला वाटतं. खेड्यातल्या मुलींचं सगळं शेवटच्या बसवर अडतं. म्हणून नाव देतानाच मॅडमना सांग की माझी गाडी इतक्याची आहे, त्याआधी मला सोडायला पाहिजे. लाजू नको. गावाकडनं येणाऱ्या तू एकटीच नसशील, आणि सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? भाड्याचा प्रश्न नाही, ११ जून २०२३ पासनं कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायका-मुलींना सरकारी साध्या बसला तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेव. शनिवारी एक जादा फेरी झाली तरी घरच्यांवर बोजा नाही.

चुलत बहिणींचं हसणं मला लागलं. आपल्या सीमाभागात भाषा हा नुसता बोलण्याचा विषय नाही, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा एक नोव्हेंबरचा काळा दिवस बघत आपण मोठे झालो, घराघरातनं त्यासाठी माणसं झिजलीत, त्यामुळं कुणी कन्नड बोललं की घरच्यांना टोचतं, हे मी समजू शकते. पण भाषा शिकल्यानं आपली भाषा कमी होत नाही गं. तूप हा आपला शब्द आपण कन्नडातनंच घेतलाय, तिकडं तुप्प म्हणतात, म्हणून काय आपल्या पुरणपोळीवरचं तूप परकं झालं? कॅम्पात शंभर माणसांचा भात शिजत असताना शेजारची मुलगी "साक्री" म्हणाली की पुरे म्हणतेय हे आपोआप कळतं, ते पुस्तकातनं कळायला महिना लागतो. आणि मराठीसाठी काही करायचं असेल तर कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं ग्रंथदिंडीला, मंडपात खुर्च्या मांडायला पोरं लागतातच. एनएसएसमधे शिकलेलं तिथं वापर. बहिणींना पण ने.

झाडूबद्दल आईशी वाद घालू नको. खरंच झाडू मारायला लागतो, गटार साफ करायला लागतं, झाडं लावायला खड्डे काढायला लागतात. आईला त्रास झाडूचा नाही, आपण जे करत आयुष्य काढलं तेच लेकीनं कॉलेजात जाऊन करावं ह्याचा आहे. म्हणून जमलं तर एखाद्या रक्तदान शिबिराला तिला घेऊन ये. तू टेबलावर बसून लोकांची नावं, वजन, रक्तगट लिहितेस, माणसं तुला विचारतात पुढं कुठं जाऊ, हे तिनं डोळ्यानं बघितलं की झालं.

अभ्यासाचं : पहिल्या सेमिस्टरला एकच गोष्ट धर. एनएसएस धरलंस तर डान्स, डिबेट, गॅदरिंग सगळ्याला हो म्हणत सुटू नको, मी सुटले होते आणि स्टॅटिस्टिक्सला अगदी काठावर पास झाले. हजेरी कमी पडू देऊ नको. आणि ज्या दिवशी कार्यक्रमामुळं लेक्चर बुडेल त्याच दिवशी वही मागून घे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नको. वही मागायच्या निमित्तानं पुढच्या बाकावरच्या मुलीशी बोलणं पण होईल.

पहिल्या मीटिंगला गेलीस की कोपऱ्यात बसलीस तरी चालेल. फक्त कामं वाटताना एक काम तोंडानं मागून घे, रजिस्टरचं माग, मला ते आवडतं. मराठीतनं मागितलंस तरी चालतं.

कॅम्प बहुतेक थंडीत असतो आणि झोपायला शाळेची फरशी. घरातली जुनी जाड गोधडी ने, पातळ चादरीवर बेळगावची थंडी निघत नाही.