क्वितोत आईबाबांना घेऊन तीन दिवस: पहिला दिवस उंचीचा

गॅलापागोस बेटांवर जाताना वाटेत इक्वाडोरच्या राजधानीत, क्वितोत, तीन दिवस मिळताहेत, आईबाबा साठीच्या पुढचे आणि शाकाहारी, तर काय बघावं आणि जेवणाचं कसं जमेल, असं तुम्ही विचारलंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे तीन वर्षं राहिले आणि दोन्हीकडच्या आईवडलांना हे शहर दाखवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी उंची. क्वितो 2850 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर, यावरून अंदाज घ्या. सासूबाई आल्या तेव्हा उत्साहाच्या भरात आम्ही त्यांना दुसऱ्याच सकाळी रोपवेने वर नेलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं असं धरलं की पुढचा अख्खा दिवस त्या पडून होत्या. आईबाबांच्या बाबतीत हे अजिबात करू नका. विमानतळ शहराबाहेर ताबाबेलाला आहे आणि तो साधारण 2400 मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा खाली. रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिला मुक्काम तिकडेच करा, शरीराला तेवढीच सवलत मिळते. पहिल्या दिवशी हळू चालायचं, पाणी भरपूर प्यायचं, रात्री हलकं जेवायचं. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

त्याच भेटीत पिवळ्या तापाच्या लशीचंही विचारा. भारतात परतताना इक्वाडोरहून येणाऱ्यांकडे तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर या लशीचा धोका थोडा वाढतो, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. भारतीय पासपोर्टवर 2019 पासून व्हिसाही आधीच काढावा लागतो.

पैशाचं सोपं आहे. 2000 सालापासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो. पण पन्नासाची, शंभराची नोट दुकानदार घेत नाहीत, पाच-दहाच्या नोटा न्या. सुट्टे म्हणून हातात एक डॉलरची सोनेरी नाणी पडतील. अमेरिकेत ती क्वचित दिसतात, इथे भाजीवालीच्या डब्यात खुळखुळत असतात.

दुसरा दिवस पूर्ण जुन्या शहराला द्या. युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात हे जुनं क्वितो होतं. मेट्रोने थेट सान फ्रान्सिस्को स्टेशनला उतरा. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेली ही मेट्रो स्वच्छ आहे आणि वर आलात की समोरच तो मोठा दगडी चौक. चर्चपुढच्या ओट्याची गोष्ट आईबाबांना जरूर सांगा. कांतुन्या नावाच्या आदिवासी गवंड्याने काम वेळेत पुरं व्हावं म्हणून सैतानाला आत्मा कबूल केला, पण पहाटे एक दगड बसवायचा राहिला आणि तो सुटला! आत मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दाने 1734 साली घडवलेली पंखांची मेरी आहे. मूर्ती लहानशीच, पण नाचता नाचता पाऊल थबकावं तशी उभी आहे. पानेसियो टेकडीवरचा ॲल्युमिनियमचा प्रचंड पुतळा हिच्यावरूनच केलाय. आधी ही बघा, मग तो.

तिथून दोन मिनिटांवर ला कोम्पान्यिया. 1605 ला सुरू झालेलं हे चर्च पुरं व्हायला 160 वर्षं लागली आणि आत भिंतीपासून छतापर्यंत सोन्याचा वर्ख आहे. घाई करू नका, बाकावर बसून राहा. वरच्या खिडकीतून ऊन सरकतं तसा एकेक कोपरा उजळत जातो. माझे वडील तिथे पाऊण तास बसले होते. बासिलिका नावाच्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यांचे जिने फार खडे आहेत, आईबाबांना खालीच ठेवा. बाहेरून मान वर केली की पावसाळी पन्हाळ्यांच्या जागी इग्वाना, कासवं, आर्माडिलो दिसतात. ती मजा खालूनही येते.

पानेसियोला टॅक्सीनेच जा आणि टॅक्सी थांबवून ठेवा. पायऱ्यांनी चढू नका, वाटेत लूटमार होते. देशातली परिस्थिती अलीकडे नाजूक झाली आहे, म्हणून अंधार पडल्यावर टॅक्सी ॲपवरून किंवा हॉटेलकडूनच मागवा. बसमध्ये पाकीटमार असतात, पर्स पुढे धरा.

जेवणाची काळजी करू नका, फक्त विचारायला शिका. नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या मनात बहुतेकदा गोमांस. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, चिकन, मासे काहीच नको, असं पूर्ण म्हणा. लोक्रो दे पापा हे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि आवोकादो. बटाटा मुळात अँडीजचाच, त्यामुळे इथे त्याची चवच वेगळी लागते. रस्सा चिकनच्या पाण्यातला नाही ना, तेवढं विचारा. मसुराची मेनेस्त्रा आणि भात मागवला की आईबाबांना घरच्या आमटी-भाताची आठवण येईल. किंबोलितो मात्र चुकवू नका, अंडं चालत असेल तर. हा वाफवलेला गोड केक कर्दळीच्या पानात गुंडाळलेला असतो. पान उलगडलं की जो वास येतो, त्याने मला थेट हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकरच रोपवे, दुपारी ढग येतात. वर जवळपास 4000 मीटर उंची, अर्ध्या तासात खाली या. आकाश मोकळं असेल तर 5897 मीटरचा बर्फाळ कोतोपाक्सी ज्वालामुखी समोर उभा दिसतो. कुणाला थोडीही घेरी आली असेल तर रोपवे सोडा आणि विषुववृत्ताला जा. तिथलं 'मिताद देल मुंदो' (जगाचा मध्य) हे मोठं स्मारक खऱ्या रेषेपासून सुमारे 240 मीटर दक्षिणेला आहे, पण परिसर सपाट आणि चालायला सोपा. शेजारच्या इन्तिन्यान संग्रहालयात रेषेच्या दोन बाजूंना पाणी उलटसुलट फिरताना दाखवतात, ती हातचलाखी आहे. एवढ्याशा भांड्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसत नाही. तुमची तारीख 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या आसपास येत असेल तर भर दुपारी तिथे उभे राहा. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस बघतो ना, तेच तिथे रेषेवर बघायला मिळतं.

कपडे थरांचे न्या. सकाळी ऊन चावतं, दुपारी पाऊस, रात्री शाल. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा. तारखा नक्की झाल्या की कळवा, मुक्कामासाठी कुठला भाग घ्यावा ते त्यावरून सांगते.