बी.एड.च्या आंतरवासितेत चिंतनात्मक रोजनिशीत रोज नवीन काय लिहायचं?

आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाच्या, दुसऱ्याच आठवड्यात सगळे दिवस सारखे वाटायला लागले, रोजनिशीत तेच तेच येतंय, असं तुम्ही विचारलंय. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनुसार आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. एवढे दिवस ‘परिपाठ झाला, पाठ घेतला, मधली सुट्टी झाली’ असं लिहीत गेलात तर कंटाळा येणारच. अख्खा दिवस लिहूच नका. एकच प्रसंग निवडा, टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) योजलेलं आणि वर्गात घडलेलं जिथे जुळलं नाही तो.

समजा, सहावीला अपूर्णांकांची बेरीज घेतली. ‘मुलांना घटक अवघड गेला, पुढच्या वेळी जास्त सराव देईन’ ही नोंद कुठल्याही वर्गाला आणि कुठल्याही विषयाला चालेल, म्हणूनच ती निरुपयोगी आहे. त्याऐवजी मुलाने फळ्यावर लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवा: १/३ + १/४ = २/७. आता कारण शोधा. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, म्हणजे बहुधा अपूर्णांक ही एक संख्या आहे हे त्याला दिसत नाही, वर-खाली लिहिलेल्या दोन संख्या दिसतात. नुसत्या सरावाने ही चूक उलट आणखी पक्की होईल. मग पुढच्या तासाला काय करायचं? त्याला त्याच रीतीने १/२ + १/२ करू द्या. उत्तर २/४ येईल, म्हणजे अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून पुन्हा अर्धीच! हे त्याचं त्यालाच खटकलं, की कागदाची पट्टी १२ सारख्या भागांत दुमडून ४ आणि ३ भाग रंगवायला द्या. ७/१२ त्याच्या डोळ्यांसमोर येईल. ही खरी चिंतनाची नोंद. पानभरात मावते.

लिहिण्याची सोय अशी करा. २०० पानी वही घ्या. तास संपल्यावर पाच मिनिटांत डाव्या पानावर कच्चे तुकडे टिपा: मुलांचे शब्द, चुकीची उत्तरं, कुठे किती वेळ गेला. संध्याकाळपर्यंत मुलांचे नेमके शब्द विसरतात आणि नोंद गुळगुळीत होते, म्हणून हे लगेचच करायचं. घरी वीसेक मिनिटांत उजव्या पानावर विचार लिहा आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडा. ठरवलेला उपाय वर्गात करून पाहिलात, की तारीख घालून वेगळ्या शाईने तिथे निकाल लिहा, फसला तरी. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा भाग या चार ओळींचाच, आणि बहुतेक वह्यांत नेमका तोच नसतो.

शिक्षणतज्ज्ञ गिब्ज यांचं अनुभवावर चिंतन करण्याचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र तुम्हाला शिकवलं असेल: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं-फसलं, का, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करणार. रोज ही सहा शीर्षकं घालू नका, नोंद फॉर्म भरल्यासारखी होते. आठवड्यातून एका प्रसंगाला पुरे. त्यातही ‘काय घडलं’ पाच ओळींत संपवा. दोन पानं तिथेच गेली तर ‘का’ला जागा उरत नाही. महाविद्यालयाने ठराविक नमुना दिला असेल तर अर्थात तोच पाळा.

‘मुलं लक्षच देत नाहीत’ असं वाक्य लिहून झालं, की थांबा आणि पुढे विचारा: कितव्या मिनिटाला, मी काय करत असताना? उत्तर बऱ्याचदा फळ्याकडे तोंड करून लांबलचक लिहिण्यात सापडतं.

मुलांची नावं लिहू नका, ‘क’, ‘ख’ म्हणा. वही मार्गदर्शक आणि परीक्षकांच्या हातात जाते. शाळेतल्या शिक्षकांविषयीच्या तक्रारीही तिथे नकोत, त्या मार्गदर्शकांशी तोंडी बोला.

आणि चार दिवस लिहायचं राहिलंच, तर आठवून रचू नका. रचलेल्या नोंदीत मुलाचा एकही शब्द नसतो, ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘या चार दिवसांची नोंद नाही’ असं लिहा आणि आजच्या तासापासून पुढे चला.