बारावीच्या मार्कांवर चांगल्या कॉलेजला नंबर लागतो का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मुलीला दहावीला ९६ टक्के पडलेत, आत्ता पलूसलाच अकरावी सायन्सला आहे, सहामाहीला वर्गात पहिली आली, आणि बारावीलाही असेच मार्क पडले तर सांगलीचं वालचंद नाहीतर पुण्याचं सीओईपी ही इंजिनिअरिंग कॉलेजं मिळतील का, का नातेवाईक म्हणतात तसं क्लाससाठी लातूरला ठेवावंच लागेल. मी सांगलीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळं रोज जे बघतो तेच सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं उत्तर, नुसत्या बारावीच्या मार्कांवर या दोन्हीपैकी एकही मिळणार नाही. इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते बघतात, ओपनला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये, ४५ टक्के, राखीवला ४०. तेवढे पडले की पुढं मेरिट लिस्ट लागते ती एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. म्हणजे बारावीला ९५ टक्के असलेली पोरगी आणि ६५ टक्के असलेला पोरगा त्या यादीसाठी एकाच ठिकाणी उभे असतात. दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तर आधी मॅथ्स बघतात, मग फिजिक्स, केमिस्ट्री, आणि तरीही बरोबरी राहिली तर मग बारावीचे मार्क. तिथपर्यंत गाडी सहसा जातच नाही.

आता ९६ टक्क्यांचं. पोरीनं मेहनत केली आहे यात शंका नाही, ते कमी लेखायचं नाहीच. पण ते मार्क कशाचे बनलेत ते बघा. दहावीला प्रत्येक विषयात २० मार्क शाळेच्या हातात, वर बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेचे नाहीतर खेळाचे वाढीव गुण. बारावीला फिजिक्सचे १०० मधले ३० प्रॅक्टिकलचे, आणि जर्नल पूर्ण असेल तर त्यातले २८-२९ बहुतेकांना मिळतात. उरलेली ७० ची थिअरी, तीन तास वेळ, डेरिव्हेशन पाठ, आकृती स्वच्छ, स्टेपला मार्क, उत्तर चुकलं तरी सूत्राचा मार्क मिळतोच. ही परीक्षा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, नीट मांडून लिहायला लावते, आणि पुढं कॉलेजात तेच उपयोगी पडतं. पण सीईटी मोजते ते वेगळंच.

एक उदाहरण देतो. सिंपल पेंड्युलम. बोर्डात काय येतं, तर आवर्तकालाचं, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळाचं, सूत्र काढून दाखवा, पोरं पान भरून लिहितात, आकृती काढतात, पैकीच्या पैकी. सीईटीत काय येतं, तर पेंड्युलमची लांबी २१ टक्क्यांनी वाढवली तर आवर्तकाल किती टक्क्यांनी वाढेल, आणि चार पर्याय. ज्याच्या डोक्यात बसलंय की आवर्तकाल लांबीच्या वर्गमूळाबरोबर जातो, तो १.२१ चं वर्गमूळ १.१ म्हणून १० टक्के असं दहा सेकंदात सांगतो. पानभर सूत्र काढणाऱ्यांतली निम्मी पोरं इथं अडतात, कुणी २१ वर टिक करतं, कुणी २१ चं निम्मं म्हणून १०.५ वर करतं, कारण बदल लहान असला की निम्मं चालतं हे कुठंतरी ऐकलेलं असतं, आणि पेपर काढणाऱ्याला ते माहीत असतं म्हणून तो पर्याय तिथं ठेवलेलाच असतो. त्यात सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क. निगेटिव्ह नाही हे बरं, त्यामुळं एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, इथं घरोघरी घोळ होतो. मागं कवठेमहांकाळकडचे एक पालक पेढे घेऊन आले होते, पोराला ९२ मिळाले म्हणून, आणि ते ९२ पर्सेंटाइल होते. समजा तीन लाख पोरं बसली, तर ९२ पर्सेंटाइल म्हणजे साधारण २४ हजार पोरं पुढं आहेत. ९८ म्हणजे सहा हजार पुढं. ९९ म्हणजे तीन हजार. सीओईपीच्या कॉम्प्युटरला ओपनमधून जायचं तर ९९ च्या पुढचे दशांश मोजावे लागतात, वालचंदच्या कॉम्प्युटरलाही वरचंच पर्सेंटाइल लागतं, सिव्हिल-मेकॅनिकल त्याच्या बऱ्याच खाली येतं. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या वेबसाईटवर मागच्या वर्षीचे राउंडनुसार कटऑफ असतात, ते आत्ताच डाउनलोड करा आणि पोरीच्या हातात द्या, कॉलेज, शाखा, कॅटेगरी सगळं त्यात असतं. नातेवाईकांच्या सांगण्यापेक्षा तो कागद खरा.

आता दुसरी बाजू, कारण हे सगळं ऐकून काही पालक एकदम उलट करतात, बोर्ड सोडूनच देतात. "बारावीला पास झाली तरी बास" असं म्हणून पोरांना अशा ठिकाणी घालतात जिथं कॉलेज नावालाच, हजेरी कागदावर, प्रॅक्टिकलची बीकर पोरांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा बघितलेली. हे करू नका, अगदी कळकळीनं सांगतो. मिरजेचा एक पोरगा होता, हुशार, एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठीच्या जेईई मेन परीक्षेला ९८ च्या वर पर्सेंटाइल, आणि बारावीला ७१ टक्के. एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं, राखीव एससी-एसटीला ६५ आहे. तो दोन्हीत बसला नाही. रँक हातात असून सीट घेता आली नाही, त्याच्या वडिलांना काय बोलावं तेच मला सुचेना. आयआयटीलाही तीच ७५ ची अट आहे. मेडिकलच्या नीटला पीसीबीमध्ये, म्हणजे मॅथ्सऐवजी बायोलॉजी धरून, ५० टक्के लागतात, राखीवला ४०, मिरजेचं शासकीय मेडिकल असो नाहीतर बीएएमएस, नीटशिवाय दार उघडत नाही. पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेला जायचं तर त्यांची स्वतःची आयएटी परीक्षा, पूर्वी बोर्डात वर आलेल्यांसाठी वेगळी वाट होती, ती आता बंद केली, फक्त आयएटी राहिली आणि बारावीला ६० टक्क्यांची अट.

तेव्हा बोर्डाचे मार्क लागतातच, पण त्यांच्यावर सीट मिळत नाही. नुसत्या मार्कांवर सीट मिळते अशाही जागा अजून आहेत, त्याही सांगतो. सांगलीच्या विलिंग्डनसारख्या कॉलेजात बीएस्सीला, किंवा साध्या बीकॉम, बीएला बारावीच्याच मार्कांवर प्रवेश होतो. दहावीवर पॉलिटेक्निकला जाता येतं, मिरज आणि कराडला शासकीय आहे, आणि डिप्लोमाच्या मार्कांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यात सीईटी नाहीच. जी पोरं वर्षभर नियमित अभ्यास करतात पण घड्याळ लावलं की गांगरतात त्यांच्यासाठी ही वाट फार चांगली आहे, आपल्याकडं उगाच तिला दुय्यम समजतात.

पण मार्कांवर मिळणाऱ्या जागा कमी कमी होत चालल्यात हे खरं. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी लागली, त्या वर्षी कितीतरी पोरांना फॉर्म भरायचा होता हेच माहीत नव्हतं. दिल्ली विद्यापीठात २०२१ ला काही कोर्सचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता, आणि २०२२ पासून तिथं सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आली, आता बारावीचे मार्क फक्त बरोबरी सोडवायला. असं का झालं तेही समजून घ्या. देशभर इतकी बोर्डं, प्रत्येकाची मार्क द्यायची पद्धत वेगळी, केरळचे ९८ आणि आपल्या कोल्हापूर विभागाचे ८८ यात हुशार कोण हे कुणी कसं सांगायचं. कोविडात २०२१ ला परीक्षाच झाली नाही, आपल्या बोर्डाचा बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला, अशा निकालावरून कुणाला निवडणार. एनआयटीसाठी २०१३ ते २०१६ मध्ये बारावीला ४० टक्के वजन देऊन बघितलं होतं, वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका मापात आणायला सूत्रं लावली, शेवटी २०१७ ला ते काढून टाकलं.

मला स्वतःला विचाराल तर हे सगळं एका तीन तासांवर टांगणं मला पटत नाही. यात पलूस, जत, आटपाडीकडची पोरं मागं पडतात, आणि ती हुशारीत कमी असतात म्हणून नव्हे, तर कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून. गावात ९६ टक्क्यांचं बॅनर लागतं, सत्कार होतो, घरी सगळे निर्धास्त, आणि अकरावी अख्खी आरामात जाते. पुण्याच्या पोराची त्याच वेळी तिसरी मॉक टेस्ट झालेली असते. सीईटीत अकरावीचे २० टक्के प्रश्न असतात, ५० मधले दहाएक, आणि जेईई-नीटला तर अकरावी जवळपास निम्मी, त्यामुळं जे वर्ष आपण हलक्यात घेतो तेच महागात पडतं. तुम्ही अकरावीतच विचारताय, म्हणून मला एवढं लिहावंसं वाटलं.

तर करायचं काय. या रविवारी सीईटीचा जुना नाहीतर सरावाचा एक पेपर घ्या, अकरावीच्या झालेल्या धड्यांवरचे प्रश्न निवडा, मोबाईलवर टायमर लावा, आणि एका प्रश्नाला एक मिनिट धरून तिला सोडवू द्या. त्यातले किती बरोबर आले त्यापेक्षा चुकलेले कसे चुकले ते बघा, माहीतच नव्हतं, का माहीत होतं पण वेळ पुरला नाही. माहीत नसेल तर पुस्तक, पाठ्यपुस्तकच, ओळ न ओळ, सीईटी राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असते त्यामुळं बाहेरचं जाडजूड साहित्य आधी नको. वेळ पुरत नसेल तर नुसता सराव, रोज थोडा, दिवाळीनंतर आठवड्याला एक पूर्ण पेपर. लातूरचं म्हणाल तर, नीट द्यायची असेल आणि पोरीला घराबाहेर राहणं झेपत असेल तर विचार करा, पण इंजिनिअरिंगच्या सीईटीसाठी तिकडं धाडायची मला गरज वाटत नाही. सांगली, इस्लामपूर, कराडला चांगले शिकवणारे आहेत, पलूसहून एसटीनं जाऊन येऊन होतं. आणि कोणताही क्लास लावा, कॉलेजची प्रॅक्टिकल्स बुडवू देऊ नका.

फीची काळजी तुम्ही शेवटी लिहिली होती. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४ पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी दाखले लागतात, उत्पन्नाचा, नॉन-क्रीमीलेअर, आणि जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज बारावीला असताना कॉलेजच्या पत्रासकट सांगलीच्या समितीकडं जातो, जून-जुलैत तिथं पाय ठेवायला जागा नसते, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं असं निघालं की महिने जातात. म्हणून तिच्या आजोबा-पणजोबांचे शाळेचे जुने दाखले या दिवाळीच्या सुट्टीतच शोधून ठेवा, कुठली शाळा ते कळवलंत तर उतारा कसा मागायचा ते मी सांगतो.