ओंटारिओत खासगी मालकाकडून जुनी गाडी घेताना १३ टक्के कर नेमका कशावर लागतो

तुम्ही विचारलं आहे की मिसिसागाला (कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात) आल्यावर डीलरकडे न जाता एखाद्या घरगुती मालकाकडून जुनी गाडी घेतली तर कर वाचतो का, आणि विकणारा 'पावतीवर किंमत कमी लिहू' म्हणाला तर होकार द्यायचा का. गाडीसाठी दहा हजार डॉलर वेगळे काढले आहेत, असंही लिहिलं आहे.

कर वाचत नाही. आणि त्या होकाराने उपयोग काहीच होत नाही, धोका तेवढा वाढतो. दहा हजार डॉलर खिशात असतील तर साडेआठ हजारांच्या वरची गाडी बघूच नका. बाकीचे पैसे कुठे जातात ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडे दोन माणसांनी आपापसात जुनी गाडी विकली तर तिच्यावर जीएसटी नसतो. रोड टॅक्स पहिल्या मालकाने एकदाच भरलेला असतो. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरायचे, हस्तांतराची फी द्यायची, कर्ज असेल तर बँकेची एनओसी जोडायची, झालं. हाच हिशेब डोक्यात घेऊन माणूस इकडे येतो आणि सर्व्हिसओंटारिओ, म्हणजे गाडी नोंदवायच्या सरकारी कार्यालयाच्या काउंटरवर हजार-दीड हजार डॉलरचा आकडा ऐकून गडबडतो. ओंटारिओत तीच गाडी जितक्या वेळा खासगीत विकली जाईल, तितक्या वेळा नव्या मालकाने पुन्हा १३ टक्के भरायचे असतात. याला रिटेल सेल्स टॅक्स म्हणतात. डीलर लावतो तो एचएसटी, म्हणजे इथला नेहमीचा विक्रीकर. दर तोच, १३ टक्के, पण मोजायची पद्धत वेगळी, आणि सगळी मेख तिथेच आहे.

डीलरकडे जी किंमत ठरली तिच्यावर कर. जुनी गाडी बदल्यात दिली तर तिची किंमत आधी वजा होते. खासगी व्यवहारात मात्र दोन आकडे समोर ठेवतात: तुम्ही दिलेली किंमत, आणि 'कॅनेडियन रेड बुक' या दरपुस्तकातली त्या गाडीची सरासरी होलसेल किंमत. यातला जो आकडा मोठा, त्यावर १३ टक्के.

उदाहरणादाखल समजा, गाडीची होलसेल किंमत ९,५०० डॉलर आहे. तुम्ही ती ११,००० ला घेतलीत, तर कर ११,००० वर, म्हणजे १,४३० डॉलर. ओळखीच्या माणसाने तीच तुम्हाला ७,००० ला दिली, तर कर ७,००० वर ९१० नाही, ९,५०० वर १,२३५ डॉलर. पावतीवर ४,००० लिहिले तरी १,२३५ च. म्हणजे खरी किंमत होलसेलच्या खाली असेल, तर पावतीत खोटं लिहून एक डॉलरही सुटत नाही. आणि खरी किंमत होलसेलच्या वर असताना कमी लिहिणं हे सरकारी कागदावर सही करून केलेलं खोटं विधान आहे. देशात नव्याने आलेल्या, पुढे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणार असलेल्या माणसाने दोनशे-चारशे डॉलरसाठी हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय पुढे काही वाद निघाला, तर तुमच्या हातातला एकमेव पुरावा तीच पावती असते आणि तिच्यावर आकडा असतो ४,०००.

आता महत्त्वाचा कागद: युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज, बोलताना सगळे यूव्हीआयपी म्हणतात. किंमत २० डॉलर. खासगी विक्रीत तो आणून देणं ही कायद्याने विकणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यात गाडीचा ओंटारिओतला मालकी इतिहास, ओंटारिओत नोंदवलेला बोजा (गाडीवरचं न फिटलेलं कर्ज), होलसेल आणि रिटेल किंमत, आणि विक्रीची पावती लिहायची जागा, हे सगळं असतं. बहुतेक लोक हा कागद शेवटी, पैसे देताना बघतात. तो घासाघीस सुरू करण्याआधी बघा. होलसेल किंमत दिसली की तुमचा किमान कर किती हे तिथेच कळतं, आणि मग घासाघीस गाडीच्या नाही तर एकूण खर्चाच्या आकड्यावर करता येते. विकणारा टाळाटाळ करत असेल तर प्लेट नंबर किंवा व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) घेऊन तुम्ही स्वतःही तो काढू शकता. वीस डॉलर गेले तरी चालतील.

तो हातात आल्यावर तीन गोष्टी वाचा. एक, शेवटचा मालक आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का. ओळखपत्र मागायला संकोच करू नका. गाडी त्याच्या नावावर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आली असेल, किंवा 'मित्राची आहे, मी विकून देतोय' असं ऐकू आलं, तर तो परवान्याशिवाय धंदा करणारा असण्याची शक्यता मोठी. इथे अशांना कर्बसायडर म्हणतात. परवानाधारक डीलरांवर ओमविक या संस्थेचं नियंत्रण असतं आणि त्यांच्या ग्राहकांसाठी भरपाईचा निधीही आहे. खासगी व्यवहारात हे संरक्षण अजिबात नाही. दोन, बोजा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं नसेल तर ते गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, सावकार गाडी उचलून नेऊ शकतो. यूव्हीआयपीत फक्त ओंटारिओतला बोजा दिसतो. गाडी क्यूबेक किंवा अल्बर्टातून आली असेल तर गाड्यांचा इतिहास देणाऱ्या कारफॅक्स कॅनडा या कंपनीचा बोजा तपासणीसह अहवाल घ्या. तीन, ब्रँड, म्हणजे कंपनीचं नाव नव्हे, नुकसानीबद्दलचा सरकारी शेरा. तिथे 'नन' हवं. 'सॅल्व्हेज' किंवा 'रिबिल्ट' म्हणजे मोठा अपघात किंवा तसंच मोठं नुकसान होऊन गेलेली गाडी. अशी गाडी स्वस्त का आहे ते कळलं, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता ज्याच्यामुळे खरोखर पैसे वाचतात ते. रेड बुकचा आकडा सरासरी असतो, बऱ्या स्थितीतल्या गाडीचा. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स गेलेला आहे, खालचा पत्रा रस्त्यावरच्या मिठाने खाल्ला आहे, हे त्या पुस्तकाला माहीत नसतं. जाहिरातीत 'ॲज-इज' लिहिलेल्या, म्हणजे आहे त्या स्थितीत विकलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. समजा अशी गाडी ३,००० ला मिळाली आणि होलसेल ६,५०० आहे. काहीच केलं नाही तर कर ८४५ डॉलर. पण गाडीचं लेखी मूल्यांकन करून घेतलं आणि त्यात ३,००० किंवा त्याहून कमी किंमत आली, तर कर ३,००० वर, म्हणजे ३९०. फरक ४५५ डॉलरचा.

मूल्यांकन ओळखीच्या मेकॅनिकने चिठ्ठीवर लिहून चालत नाही. नोंदणीकृत मोटार डीलर किंवा विमा क्षेत्रातला परवानाधारक मूल्यांकनकार लागतो. त्यात तारीख, व्हीआयएन, मेक-मॉडेल-वर्ष, ओडोमीटरचं वाचन, गाडीची अवस्था, ठरवलेली किंमत, मूल्यांकन करणाऱ्याचं नाव आणि सही असायला हवी. लोक चुकतात ते क्रमात. आधी गाडी दुरुस्त करतात, मग मूल्यांकनाला नेतात, आणि साहजिकच किंमत चांगली येते. घेतली तेव्हा गाडी जशी होती त्याच अवस्थेत ती दाखवायची असते. दुरुस्तीचा खर्च करातून नंतर वजा होत नाही. मूल्यांकन नोंदणीआधी जमलं तर ते काउंटरवरच द्या. नाही जमलं तर पूर्ण कर भरा, पावती जपा आणि प्रांताच्या अर्थ मंत्रालयाकडे परताव्याचा अर्ज करा. त्यासाठी कर भरल्यापासून ४ वर्षांची मुदत असते. मूल्यांकनाची फी आधी विचारून घ्या. होलसेल आणि खऱ्या किमतीत पाचशे डॉलरचा फरक असेल तर वाचणारा कर ६५ डॉलर, त्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही.

नातेवाइकाने गाडी भेट दिली तर? नवरा-बायको, आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं अशा नात्यांत भेट करमुक्त होऊ शकते. त्यासाठी 'फॅमिली गिफ्ट'चं शपथपत्र भरावं लागतं. इथे मराठी माणसाची एक विशिष्ट चूक होते. आपण मावसभावाला, चुलतभावाला सरळ भाऊ म्हणतो, आणि काउंटरवर 'ब्रदर' असं सांगून मोकळे होतो. कायद्याच्या लेखी तो कझिन आहे आणि कझिन, काका, मामा, मावशी या यादीत बसत नाहीत. शपथेवर चुकीचं नातं लिहू नका. करमुक्त नाती फॉर्मवर छापलेली आहेत, आपलं नातं तिथे शोधा. आणि भेट म्हणजे भेट. हळूच दोन हजार डॉलर ट्रान्स्फर केले असतील तर ती विक्री आहे. मित्राने फुकट दिली तरी होलसेल किमतीवर कर भरावा लागतो.

व्यवहाराचा दिवस कसा आखायचा ते सांगतो. मालकी आल्यापासून ६ दिवसांच्या आत गाडी तुमच्या नावावर व्हायला हवी. ओंटारिओत नंबर प्लेट गाडीची नसते, माणसाची असते. विकणारा आपल्या प्लेटा काढून घेतो. ४०७ हायवेचा टोल प्लेटचा फोटो काढून लागतो, त्यामुळे शहाणा विक्रेता त्या सोडत नाही, आणि तुम्हीही दुसऱ्याच्या प्लेटवर गाडी चालवायची नाही. म्हणून पहिली गाडी घेणाऱ्याने सौदा सर्व्हिसओंटारिओच्या दारातच पूर्ण करावा. दोघांनी तिथे जायचं. विकणारा ओनरशिपच्या, म्हणजे गाडीच्या दोन भागांच्या परमिटच्या मागच्या हस्तांतराच्या रकान्यात सही करतो, प्लेटचा भाग स्वतःकडे ठेवतो, गाडीचा भाग तुम्हाला देतो. यूव्हीआयपीतल्या पावतीवर दोघांची नावं, पत्ते, तारीख, किंमत लिहून सह्या. तुम्ही आत जाऊन नोंदणी करायची, नव्या प्लेटा आणि परमिटचे ५९ डॉलर आणि कर भरायचा, बाहेर येऊन प्लेटा लावायच्या. स्क्रूड्रायव्हर घेऊन जा.

हे एका फेरीत होण्यासाठी दोन गोष्टी आधी तयार लागतात. विमा: कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर. गाडी नक्की करण्याआधीच व्हीआयएन देऊन प्रीमियम विचारा, कारण नवीन आलेल्या चालकाला तो करापेक्षा मोठा धक्का असतो. आणि सेफ्टी: सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा गॅरेजचा दाखला, जे ३६ दिवस चालतं. जाहिरातीत 'सर्टिफाइड' लिहिलं असेल तर मूळ कागद आणि त्याची तारीख बघा. सेफ्टी नसेल तर गाडी 'अनफिट' म्हणून नावावर होते, कर लगेच भरावा लागतो, पण प्लेट मिळत नाही. मग टो करून गॅरेजला न्या आणि ब्रेक, बॉल जॉइंट, टायर जे निघेल ते बदला. सेफ्टी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या. स्वतंत्र मेकॅनिकला गाडी आधी दाखवाच.

काउंटरवर कार्डाने पैसे भरणार असाल तर आदल्या दिवशी बँकेत डेबिट कार्डाची रोजची मर्यादा वाढवून घ्या. नवीन खात्यांना ती कमी असते, आणि नव्या क्रेडिट कार्डाची मर्यादाही दीड हजाराचा कर झेपेल इतकी नसते. विकणाऱ्याला बँक ड्राफ्ट द्या आणि शक्य तर त्याच्यासमोर आपल्या बँकेतच काढा, त्यालाही खात्री पटते.

अल्बर्टात खासगी विक्रीवर कर नाही म्हणून तिथून गाडी आणावी, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ओंटारिओत नोंदवताना इथले १३ टक्के लागतातच. ब्रिटिश कोलंबियात साधारण गाड्यांवर १२ आणि क्यूबेकमध्ये ९.९७५ टक्के आहेत, पण तो हिशेब तुम्ही तिकडे राहायला जाणार असाल तरच.

तुमच्या दहा हजारांचा हिशेब मग असा बसतो: गाडी ८,३००, आणि होलसेल याहून कमी असेल तर कर १,०७९, प्लेट-परमिट ५९, मेकॅनिकची तपासणी आणि अहवाल मिळून दोनेकशे. उरलेले साडेतीनशे हिवाळी टायरांसाठी ठेवा, वापरलेला संच त्यात बसू शकतो. विम्याचा पहिला हप्ता यात धरलेला नाही, तो वेगळा काढा. गाडी पसंत पडली की यूव्हीआयपीतला होलसेल आकडा कळवा, कर किती येईल आणि मूल्यांकन करून घेण्यात फायदा आहे का, ते सांगतो.