ठरावीक पाणीपट्टी भरत असताना घराला पाण्याचा मीटर बसवून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की घरात तिघं आहात, पाणीपट्टी वर्षाला ठरावीक भरता, आता मीटर घ्यायची मुभा मिळाली आहे आणि निर्णय होत नाहीये. मी याच पेचातून गेलो आणि मीटर घेतला. तरी तुम्हाला लगेच 'घ्या' म्हणणार नाही. आधी आठवडाभर स्वतः मोजा, मग ठरवा.

पहिल्यांदा एक आकडा काढा. आजच्या वार्षिक पट्टीतून मीटरचा स्थिर आकार वजा करा, म्हणजे पाणी वापरा न वापरा जो द्यावाच लागतो तो. उरलेल्या रकमेला एका युनिटच्या दराने भागा. युनिट म्हणजे साधारणपणे एक घनमीटर, 1000 लिटर. भागाकार येईल तेवढी युनिटं वर्षभरात वापरलीत तर दोन्ही बिलं सारखीच, कमी वापरलीत तर मीटर परवडेल. सांडपाण्याचा आकारही मीटरवरच्या आकड्यावरून लावणार असतील तर तो दरात मिळवा. मी तो धरलाच नव्हता, आणि सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला.

आता तुमचा खरा वापर. माणशी दिवसाला 120 लिटर धरलं तर तिघांचं 360 लिटर, म्हणजे वर्षाला साधारण 131 युनिटं. पण अशा सरासरीवर विसंबू नका, घराघरात फार फरक असतो. दहा लिटरची बादली शॉवरखाली धरा आणि किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघा. मिनिटाभरात भरली, तर आठ मिनिटांच्या आंघोळीला 80 लिटर गेले. हीच आंघोळ बादलीने केली तर पंचवीस-तीस लिटरांत होते. फ्लशकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. जुनी टाकी एका वेळी नऊ-दहा लिटर सोडते. तिघांनी मिळून दिवसात पंधरा वेळा ओढली तर 135 लिटर, म्हणजे महिन्याला चार युनिटं निव्वळ फ्लशची. बाग असेल तर नळीचं पाणी वेगळं मोजा, कारण नळी अर्धा तास चालू राहिली की आठवड्याची बचत एका संध्याकाळी संपते.

हे सगळं मोजूनही मी जे विसरलो ते म्हणजे गळती. मीटर वापरलेलं आणि वाया गेलेलं पाणी वेगळं ओळखत नाही, त्याच्यातून गेलं ते तुमच्या नावावर. आमच्याकडे नळाला दिवसरात्र पाणी असतं, मधे टाकी नाही. मीटर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला आकडा लिहून ठेवला आणि पहाटे पाचला पुन्हा पाहिला. मधे कुणी उठलं नव्हतं, तरी 48 लिटर गेले होते. तासाला आठ, दिवसाला जवळपास दोनशे, महिन्याला सहा युनिटांच्या आसपास! फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकला आणि अर्ध्या तासात न ओढताच भांड्यात रंगीत पाणी उतरलं. टाकीच्या तळाचं रबर झिजलं होतं. कित्येक महिने ते पाणी आवाज न करता वाहत होतं आणि ठरावीक पट्टी असल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. तुम्ही ही रंगाची परीक्षा मीटर घ्यायच्या आधीच करा. गच्चीवर टाकी असेल तर रात्री आत येणारं पाणी बंद करून पातळीला खूण करा आणि सकाळी बघा.

घर फ्लॅटचं असेल तर अडचण वेगळी. अनेक इमारतींत गच्चीवरून स्वयंपाकघराला एक पाइप उतरतो, न्हाणीघराला दुसरा, संडासाला तिसरा. अशा वेळी एका मीटरने भागत नाही, प्रत्येक पाइपला एक लागतो. प्लंबरला आधी पाइप मोजायला लावा. आणि पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर पाणी सुटताना पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि चक्राचा मीटर त्या हवेनेही फिरतो, याची चौकशी बसवण्याआधी करा.

घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मी मीटर पुढे ढकलेन. तिथे धुणं-पुसणं जास्त असणारच, आणि त्या माणसाला प्रत्येक बादलीचा हिशोब जाणवू देणं मला पटत नाही. एकदा मीटर घेतल्यावर ठरावीक पट्टीवर परत जाता येतं का आणि किती दिवसांत, हे लेखी विचारा. मी या उत्तरासाठी दोनदा खेपा घातल्या, पण त्यानंतरच अर्ज भरला.

बसवायच्या दिवशी प्लंबर जायच्या आधी मीटरचा फोटो काढा, दहा लिटरच्या दहा बादल्या भरा आणि पुन्हा फोटो काढा. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे असतात, लाल त्याखालचे. फरक शंभर लिटरच्या जवळपास आला नाही तर तिथल्या तिथे दाखवा.