नेदरलँड्समध्ये मुलीला हॉकी क्लबात घातलं तर शनिवार-रविवार त्यातच जातो का?

शनिवार बराचसा जातो. रविवारचं तुमच्यावर आहे.

तुम्ही विचारलंय की, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवीनला नुकतेच राहायला आलोय, मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्गातल्या मुली पाठीला हॉकीची बॅग लावून सायकलवर जाताना बघून तीही मागे लागलीय, आणि आम्हा दोघांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तर लीगच्या सामन्यांना पालकांना नेमकं काय करावं लागतं? माझी मुलगी याच भागातल्या एका क्लबात खेळते. मी सोलापूरची, हॉकी स्टिक इथे येईपर्यंत हातात धरली नव्हती. म्हणजे हे उत्तर तुमच्यासारख्याच घरातून येतंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फी भरली, पोरीला सोडलं, तासाभराने परत आणलं, असा हा क्लास नाही. वर्षाला काही शे युरो जातात ते मैदान, दिवे आणि प्रशिक्षणासाठी. शनिवारचे सामने पालक आणि मोठी मुलं मिळून चालवतात. सोसायटीच्या गणपतीत वर्गणी दिली म्हणून कुणी सुटत नाही, मांडवाची दोरी धरायला कुणीतरी लागतंच, तसंच हे आहे. गाडी कोण काढणार, शिट्टी कोण वाजवणार, क्लबहाऊसच्या बारमागे कोण उभं राहणार, सगळ्याच्या पाळ्या लागतात आणि त्या क्लबच्या अ‍ॅपवर तुमच्या नावासमोर दिसतात.

एवढा व्याप का, तर इथे खेळणारेच तेवढे आहेत. इथला हॉकी महासंघ १८९८ सालचा. तीनशेहून जास्त क्लब, अडीच लाखांच्या आसपास नोंदलेले खेळाडू, आणि त्यात मुली-बायका निम्म्याहून जास्त. हे सगळं पावणेदोन-एक कोटी लोकवस्तीच्या देशात. त्यामुळे लीग फक्त निवडक चांगल्या मुलांची नसते. क्लबातल्या सगळ्यात खालच्या संघालाही मोसमात जवळजवळ दर शनिवारी सामना असतो, आणि तो त्याच्याच तोडीच्या संघाशी असतो. मला हे फार मोलाचं वाटतं. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ असं शाळेत सगळ्यांनी लिहिलेलं असतं, पण आपल्यापैकी किती जणांनी मैदानावर एक तरी सामना खेळलाय?

मोसम सप्टेंबरला सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालतो. मग थंडीत इनडोअर, ज्यांना हवं त्यांना. मार्चमध्ये पुन्हा मैदान, ते जूनपर्यंत. शनिवार मुलांचा, रविवार मोठ्यांचा. नऊ वर्षांच्या मुली अकरा-अकरा खेळत नाहीत. अगदी लहान असताना तीन विरुद्ध तीन, पुढे सहा-सहा, मग आठ-आठ, तेही छोट्या मैदानावर. दहा-बाराची झाली की पूर्ण मैदान. लहानांचा गुणतक्ता लावत नाहीत. मुलींना अर्थात स्कोअर तोंडपाठ असतो.

शनिवार कसा जातो ते सांगते. घरचा सामना असेल तर दोन-अडीच तासांत मोकळे. बाहेरचा असेल तर सकाळ गेलीच समजा. साडेआठचा सामना म्हणजे पावणेआठला क्लबात जमायचं, तीन-चार गाड्यांत मुली बसवायच्या, आणि नोव्हेंबरच्या अंधारात कुठल्याशा गावाच्या कडेला मैदान शोधायचं. गाडी नसेल तर संकोच करू नका, मॅनेजरला आधीच सांगा. त्या बदल्यात दुसऱ्या दोन पाळ्या घ्या, कुणी नाक मुरडत नाही. मॅनेजर म्हणजेही कुणाची तरी आई किंवा बाबाच. गाड्यांची यादी, कोण आजारी, कुणाचा वाढदिवस, गोलकीपरची भलीमोठी बॅग या आठवड्यात कुणाच्या घरी, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. लहान संघांना कायमचा गोलकीपर नसतो, मुली आलटून पालटून ते पॅड चढवतात. ती बॅग तुमच्याकडे आली की बाल्कनीत ठेवा, घरात नको. वासाचं कारण तुम्हाला कळेलच.

पाऊस पडला म्हणून सामना रद्द होत नाही. हे आपल्या लोकांना पटायला वेळ लागतो. सकाळी खिडकीतून बघून ग्रुपवर "मॅच आहे ना?" असं विचारणारे आपणच असतो. विजा चमकत असतील तर थांबवतात, मैदान गोठलं असेल तर बंद ठेवतात, बाकी चालूच. चांगली मैदानं तर सामन्याआधी मुद्दाम पाणी मारून भिजवतात, चेंडू सरळ आणि वेगात जावा म्हणून. मुलीला स्कर्टखाली थर्मल द्या आणि स्वतःला वॉटरप्रूफ बूट घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

आता शिट्टीबद्दल, कारण तुमची खरी भीती तीच असणार. लहानांच्या सामन्यांना पालकच पंच असतात, आणि "मला येत नाही" हे कारण फार दिवस चालत नाही. माझा सल्ला उलटा आहे: गाडीची पाळी सोडा, पण शिट्टीची पहिल्याच मोसमात घ्या. मैदानाबाहेर उभं राहून वर्षभरात कळणार नाही एवढा खेळ शिट्टी घेऊन उभं राहिलं की तीन-चार सामन्यांत कळतो. पंच दोन असतात, प्रत्येकाने आपापली बाजू सांभाळायची. सुरुवातीला एवढं पुरतं: चेंडू पायाला लागला की फाऊल, स्टिकची सपाट बाजूच वापरायची, गोलाई असलेल्या पाठीने मारलं की फाऊल, चेंडू धोकादायक उंचीवर कुणाच्या अंगावर गेला की फाऊल. फाऊलबद्दल फ्री हिट मिळाली की समोरच्यांनी पाच मीटर लांब राहायचं, आणि हिट घेणाऱ्या मुलीला चेंडू स्वतःकडेच घेऊन पळता येतं. मोठ्या मैदानावर गोल मोजला जातो तो गोलासमोर आखलेल्या वर्तुळाच्या आतून मारलेलाच. मुली मोठ्याने "शूट!" ओरडल्या तर गोलाकडे मारा असा अर्थ घेऊ नका, चेंडू पायाला लागलाय हे त्या तुम्हाला सांगत असतात.

माझा नवरा खडकीचा. धनराज पिल्लेच्या खडकीत वाढला म्हणजे हॉकी आपल्याला येते, अशा तोऱ्यात तो पहिल्या दिवशी शिट्टी घेऊन उतरला आणि ऑफसाइड देऊ लागला. ऑफसाइडचा नियम हॉकीतून १९९०च्या दशकातच गेला. नऊ वर्षांच्या मुलींनी त्याच्याकडे ज्या दयेने पाहिलं, ते अजून घरी निघतं. तेव्हा येत नसेल तर उत्तमच, विसरायला काही नाही.

वयाने मोठ्या मुलामुलींना क्लब पंचाची परीक्षा द्यायला लावतो. साधारण चौदा-पंधराच्या वयात ते नियम शिकतात, ऑनलाइन परीक्षा देतात आणि मग शनिवारी आपला सामना झाला की लहानांच्या सामन्याला शिट्टी घेऊन उभे राहतात. पाळी चुकवली तर आमच्या क्लबात पुढच्या सामन्याला बाहेर बसवतात. पंधरा वर्षांची मुलगी आरडाओरडा करणाऱ्या पन्नाशीच्या कोचला शांतपणे हिरवं कार्ड दाखवते, आणि तो मुकाट्याने गप्प बसतो. हे एकदा बघाच. मला स्वतःला लीगमधल्या कुठल्याही गोलपेक्षा ते दृश्य आवडतं. अशा कोवळ्या पंचावर रेषेबाहेरून ओरडणं इथे फार वाईट समजतात. आणि ओरडण्यात आपण कमी नाही, मराठीत ओरडलं तरी सूर सगळ्यांना कळतो. "अगं पळ, पास दे, तिला दे!" हेसुद्धा नको. ते काम कोचचं. टाळ्या वाजवा, मुलीचं नाव घ्या, बास.

सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायचे आणि दोन्ही संघांनी एकत्र सरबत प्यायचं. हे सरबत यजमान संघाने द्यायचं असतं, जगमधून, प्लास्टिकच्या पेल्यांत. मोठी माणसं क्लबहाऊसमध्ये कॉफी घेऊन बसतात. डच लोक याला तिसरा हाफ म्हणतात आणि पहिल्या दोघांइतकाच गंभीरपणे घेतात. लगेच घरी पळू नका. शाळेच्या दारात "हॅलो"च्या पुढे न गेलेल्या आया इथे बोलायला लागतात. खाण्याचं म्हणाल तर टॉस्टी, म्हणजे आपलं चीज सँडविच, सगळीकडे मिळतं, पण हॅम नको असं आधी सांगा. बिटरबॉलन नावाचे गोल तळलेले गोळे ताटलीतून फिरतात, ते बहुतेक गोमांसाचे असतात. शाकाहारी असाल किंवा ते चालत नसेल तर काससुफ्ले मागा, आत नुसतं चीज असतं.

बारची पाळी वर्षातून काही वेळा येते. कॉफी, टॉस्टी, पेले धुणं, एवढंच. बिअर द्यायची असेल तर आधी एक छोटा ऑनलाइन कोर्स करून घेतात, आणि अठराच्या खालच्याला द्यायची नाही यावर फार कडक असतात. डच बोलायची भीती मोडायला यासारखी जागा नाही, कारण गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं असतं.

एका बाबतीत मन घट्ट करा. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुढच्या मोसमाचे संघ लागतात. मुली मोठ्या होतील तशी निवड चाचणी येते आणि जिवलग मैत्रिणी वेगवेगळ्या संघांत जातात. आमच्या घरी त्यावरून एक अख्खा आठवडा रडारड झाली. यादी ई-मेलने येते, कारण कुणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते हे या साऱ्या व्यवस्थेतलं सगळ्यात वाईट अंग आहे. इतक्या लहान वयात पहिला संघ, दुसरा संघ करायची काहीच गरज नाही. त्या वेळी क्लबला लांबलचक ई-मेल लिहिणारे पालक प्रत्येक संघात असतात. उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

रविवारचं. तो दिवस मोठ्यांच्या लीगचा, पालक म्हणून तुमच्यावर काही बंधन नाही. पण अ‍ॅम्स्टेलवीनला राहून रविवारी कधीतरी अ‍ॅमस्टरडॅमच्या बोसमध्ये, म्हणजे तिथल्या जंगलात, गेला नाहीत तर काय उपयोग? त्या एका जंगलात तीन मोठे हॉकी क्लब आहेत. तिथेच व्हीआरए हा क्रिकेट क्लबही आहे, त्यामुळे भारतीय बापांचे पाय आधी तिकडे वळतात. त्यांना हाताला धरून वॅगेनर स्टेडियमकडे आणा. सर्वोच्च विभागातला सामना असेल त्या दिवशी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेले खेळाडू हातभर अंतरावरून दिसतात. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदकं याच देशाने नेली. मध्यंतरात लहान मुलं स्टिक घेऊन थेट त्याच मैदानात शिरतात आणि गोलात चेंडू मारत बसतात, त्यांना कुणी हटकत नाही.

याच स्टेडियमवर १९७३च्या विश्वचषकाची फायनल झाली होती, भारत आणि नेदरलँड्सची. सुरजित सिंगच्या दोन गोलांनी आपण २-० पुढे होतो. त्यांनी २-२ केलं, जादा वेळेत आपल्याला मिळालेला पेनल्टी स्ट्रोक वाया गेला आणि शेवटी स्ट्रोक्सवर आपण हरलो. क्लबहाऊसमध्ये सत्तरी ओलांडलेले आजोबा भेटले आणि तुम्ही भारतातले आहात हे कळलं, की हा विषय निघतोच. तेव्हा १९२८चं अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिक तयार ठेवा. फायनलमध्ये ध्यानचंदच्या संघाने यजमानांना ३-० हरवलं होतं, आणि अख्ख्या स्पर्धेत २९ गोल करून एकही खाल्ला नव्हता. आमच्या घरी हे उत्तर पाठ आहे.

आणखी एक, तुम्हालाही खेळायचं असेल तर बऱ्याच क्लबांत आठवड्यातल्या एका संध्याकाळी ट्रिमहॉकी असते, पालकांसाठीच, अगदी नवख्यांनाही घेतात. मी जाते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, पण शिट्टी जास्त आत्मविश्वासाने वाजते.

नोंदणीचं मात्र आजच बघा. या भागातल्या क्लबांत मुलींना प्रतीक्षायादी असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी नाव घाला आणि मुलीला एकदा खेळून बघता येईल असं प्रशिक्षण कधी आहे ते विचारा. उत्पन्न कमी असेल तर मुलांच्या क्रीडा-संस्कृती निधीतून फी मिळू शकते, शाळेला विचारलं तर ती अर्ज करून देते. स्टिक नवी घेऊ नका, ती वर्षभरात उंचीने तोकडी पडते. क्लबात किंवा मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या साइटवर जुनी मिळते, मुलगी सरळ उभी राहिली की कमरेच्या हाडापर्यंत यायला हवी. शिनगार्डही जुने चालतील. माउथगार्ड तेवढा नवा घ्या, गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचा असतो, आणि तो नसेल तर तिला मैदानात उतरू देणार नाहीत.