मॉलमधल्या दुकानात माणसं कमी आणि रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) आदल्या रात्री कळतो. मीच कमी पडतेय का? नोकरी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लेडीज सेक्शनला आहात. पूर्वी तिथे चौघी होत्या, आता दोघी आहात. उद्याची शिफ्ट आज रात्री ग्रुपवर कळते, ठरलेला वीकऑफ आयत्या वेळी रद्द होतो, आणि वर मॅनेजर म्हणतात की तुझा स्पीड कमी आहे. घरचे म्हणतात, सगळीकडे असंच असतं.

तुमचा स्पीड कमी नाही. चौघींचं काम दोघींच्या गळ्यात घातलंय आणि ते दोघींकडून पूर्ण होत नाही, एवढंच झालंय. मी बरीच वर्षं कपड्यांच्या दुकानांत काढली. आधी फ्लोअरवर होते, मग डिपार्टमेंट मॅनेजर झाले, तेव्हा रोस्टर मीच लावायचे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला मनापासून सांगते, ह्यात स्वतःला दोष देत बसू नका.

माणसं कमी का असतात ते आधी समजून घ्या, म्हणजे मॅनेजरशी काय बोलायचं ते कळेल. मॉलमधल्या दुकानाचं भाडं करारात ठरलेलं असतं. माल वरून येतो, त्याची किंमत वरून ठरते, सेलची तारीखही वरूनच येते. दुकानाच्या पातळीवर पटकन कमी करता येईल असा एकच मोठा खर्च उरतो, तो म्हणजे पगार. हेड ऑफिस विक्रीच्या अमुक टक्के मॅनपॉवर खर्च असं गणित धरतं. विक्री घसरली की तो टक्का वाढल्यासारखा दिसतो आणि एरिया मॅनेजरचा फोन येतो. मग कोणी नोकरी सोडली की ती जागा लगेच भरली जात नाही. उरलेल्या मुली चहा सोडून, जेवण उभ्या उभ्या उरकून महिना ढकलतात. महिन्याच्या शेवटी वरचा माणूस आकडे बघतो आणि म्हणतो, तीन माणसांत भागतंय की! मग तीनच कायम होतात. पुढे तिसरी जाते आणि दोघींतही भागतं. तुमच्या सेक्शनला बहुधा हेच झालंय.

त्यातून दुकानाचा फायदा होतो असंही नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसातनंतरचा लेडीज सेक्शन तुम्ही दर आठवड्याला जगताय, तरी लिहिते, कारण वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला हवं. ट्रायल रूमच्या बाहेरच्या रॅकवर परत आलेल्या कुर्त्यांचा ढीग असतो. निम्मे उलटे, काहींचे हँगर गायब, एका सेटची ओढणी भलत्याच सेटला अडकलेली. एक मुलगी ट्रायलला टोकन देत उभी असते. दुसरीला बिलिंगला ओढून नेलेलं असतं, कारण तिथली रांग दारापर्यंत आलेली असते. फ्लोअरवर कोणीच नसतं. एक बाई येऊन विचारते, ह्यात एक्सेल आहे का? एक्सेल असतो, पण तो त्या ढिगात खाली कुठेतरी असतो. बाई दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते. सोमवारी रिपोर्टवर येतं, कन्व्हर्जन घसरलं, म्हणजे आलेल्यांपैकी खरेदी करणारे कमी झाले. ती बाई आणि तो ढीग त्या रिपोर्टमध्ये कुठेच नसतात.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्राध्यापक झेनेप टॉन यांनी तिकडच्या दुकानांचा अभ्यास करून नेमकं हेच मांडलंय. माणसं कमी केली की माल दुकानात असूनही जागेवर सापडत नाही, त्यामुळे विक्री घटते, विक्री घटली म्हणून माणसं आणखी कमी होतात. आपण फ्लोअरवर हे रोज बघतो. फक्त आपण सांगितलं की ती कारणं ठरतात.

आता मुद्द्याचं सांगते. किती माणसं द्यायची हे तुमच्या स्टोअर मॅनेजरच्या हातात फारसं नसतं. त्याच्याशी 'माणसं वाढवा' म्हणून कितीही भांडलात तरी तो फार तर वर मेल टाकेल. रोस्टर मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतो. म्हणून पहिला आग्रह रोस्टरचा धरा. एक रुपया खर्च न होता सुधारता येईल अशी ती गोष्ट आहे, आणि माझ्या मते ह्या नोकरीत माणूस खरा मोडतो तो रोस्टरमुळेच. नऊ तास उभं राहिल्याने पाय दुखतात, ते झोपल्यावर उतरतात. उद्या सकाळी जायचंय की दुपारी हे रात्री अकरापर्यंत माहीत नसणं हे झोपेतसुद्धा उतरत नाही. मुलाला पाळणाघरात किती वाजता सोडायचं, सासूबाईंची डॉक्टरची वेळ कधीची घ्यायची, मावसबहिणीच्या लग्नाला हो म्हणायचं का, काहीच ठरवता येत नाही. सगळं घर त्या एका मेसेजवर टांगलेलं राहतं.

आणि क्लोजिंग करून दुसऱ्या दिवशी ओपनिंग लावणं तर साफ बंद झालं पाहिजे. मॉल दहाला बंद झाला तरी आपलं दुकान तेव्हा बंद होत नाही. कॅश जुळवायची, फोल्डिंग, ट्रायल रूम रिकामी करायची, बॅग चेकिंग. बदलापूर-अंबरनाथला राहणारी मुलगी घरी पोचते तेव्हा तारीख बदललेली असते. तिलाच सकाळी साडेनऊला शटर उघडायला बोलवायचं, म्हणजे गर्दीच्या लोकलसाठी तिने पुन्हा लवकर उठायचं. मी रोस्टर लावायला लागले तेव्हा पहिला नियम हाच केला होता, क्लोजिंगनंतर ओपनिंग नाही. दुसरा, प्रत्येकीचा वीकऑफचा वार ठरलेला. शनिवार-रविवार कोणालाच मिळणार नाही हे सगळ्यांना मान्य असतं, पण मंगळवार तर मंगळवार, तो पक्का हवा. तिसरा, दोघींनी आपसात शिफ्ट बदलली तर मला फक्त मेसेज करायचा, कारण विचारलं जाणार नाही. रोस्टर पंधरा दिवसांचा एकदम काढून स्टाफ रूमच्या दारावर लावायचे. माणसं तेवढीच होती. तरी न सांगता दांड्या मारणं खूप कमी झालं, कारण ज्यांना खरंच काम असायचं त्यांना आता आधीपासून आपसात सोय करता यायची.

मॅनेजर म्हणतील की रिटेलमध्ये आधी ठरवता येत नाही, गर्दीचा भरवसा नसतो. ते खरं नाही. दिवाळी, गुढीपाडवा, लग्नसराई, पंधरा ऑगस्टचा सेल, महिन्याचा पहिला शनिवार, हे सगळं कॅलेंडरवर आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने 2014 मध्ये मोठ्या साखळी दुकानांसाठी दोन आठवडे आधी रोस्टर द्यायचा नियम केला. ओरेगन राज्याने 2017 मध्ये मोठ्या दुकानांसाठी राज्यभर कायदाच केला. गॅप ह्या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या दुकानांत संशोधकांनी प्रयोग करून पाहिला. शिफ्टच्या वेळा स्थिर ठेवल्या, आपसात बदलायची मोकळीक दिली, आणि गर्दीच्या वेळी थोडी जास्त माणसं दिली. 2018 मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथेही कपडेच विकतात आणि तिथेही शनिवारी गर्दी होते.

आपल्याकडे रोस्टर किती दिवस आधी द्यायचा असा कायदा नाही, पण बाकी बरंच आहे आणि ते स्टाफला कोणी सांगत नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा 2017 चा आहे. त्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे असं बजावलं. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती आहे, आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दराने पैसे आहेत. मूळ कायदा 10 किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना होता. 2025 मध्ये राज्य सरकारने तो बदलला, आता 20 किंवा जास्त कामगार लागतात आणि दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर गेली. लहान दुकानातल्या मुलींच्या डोक्यावरचं छप्परच ह्या बदलाने काढून घेतलं, ह्याचा मला फार राग येतो. तुमची मोठ्या साखळीतली नोकरी दिसते, तरी आपलं दुकान त्यात बसतं का हे आधी बघून घ्या.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. ह्याच कायद्यात म्हटलंय की स्त्री कामगाराला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर तिची संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोयही हवी. तुम्ही क्लोजिंगला सव्वाअकराला बाहेर पडता आणि रिक्षाचे पैसे स्वतः भरता. त्या संमतीच्या कागदावर नोकरी लागताना इतर पंधरा कागदांबरोबर सही घेतलेली असू शकते, तेव्हा आपली फाइल एकदा एचआरकडून मागून बघा. सही असली तरी गाडीची जबाबदारी कंपनीचीच राहते.

बसण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मला राहवत नाही. केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी फक्त बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. शिलाईकाम करणाऱ्या विजी पेनकूट्टू त्यात पुढे होत्या. 2018 मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात बसायची सोय सक्तीची केली, 2021 मध्ये तमिळनाडूनेही केली. त्या बायकांच्या हातात ना पैसा होता, ना मोठी संघटना. गिऱ्हाईक नसताना दोन मिनिटं स्टुलावर बसलं तर सीसीटीव्ही बघून फोन येतो, ही गोष्ट आपण नशीब म्हणून घेतो. ते नशीब नाही, कोणीतरी केलेला नियम आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? एक छोटी वही घाला पर्समध्ये. रोज आत आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, जेवायला किती वेळ मिळाला, सेक्शनला किती जणी होत्या. रद्द झालेला वीकऑफ लाल पेनाने. रोस्टरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, वेळ दिसेल असे. महिनाभराने मॅनेजरला गर्दी नसलेल्या दिवशी, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी, भेटा. शक्य असेल तर दोघी मिळून जा. 'आम्ही दमतो' एवढंच म्हणू नका, त्यावर 'सगळेच दमतात' असं उत्तर येतं. म्हणा, 'सर, ह्या महिन्यात इतके शनिवार ट्रायल रूम आणि बिलिंग एकीनेच सांभाळलं, फ्लोअर रिकामा होता. रोस्टर आठवडाभर आधी मिळाला आणि क्लोजिंगनंतर ओपनिंग लावली नाही, तर शनिवारी आम्ही दोघी नक्की असू.' मग तेच चार ओळींत मेल करा. न झालेलं कामही त्याच मेलमध्ये लिहा, म्हणजे ते तुमच्या नावावर न चढता कमी माणसांच्या नावावर चढेल. आणि जेवण सोडून काम उरकणं आजपासून बंद करा. ढीग राहिला तर राहू दे, तो दिसला पाहिजे. मैत्रिणीवर भार पडेल म्हणून तुम्ही हे करत नसाल हे मला कळतं, म्हणूनच आधी तिच्याशी बोलून दोघींनी एकत्र ठरवा.

त्याने काहीच हललं नाही तर वही घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जाता येतं. नोकरीत असताना ते अवघड वाटतं, मी तुम्हाला भरीला घालणार नाही.

घरच्यांना मात्र सांगा की सगळीकडे असंच नसतं. एकाच ब्रँडच्या दोन दुकानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो बहुतेक वेळा मॅनेजरमुळे असतो. त्यामुळे राजीनाम्याच्या आधी दुसऱ्या शाखेत बदली मागून बघा. घराजवळचं दुकान मिळालं तर प्रवासाचा वेळही वाचेल. इंटरव्ह्यूला जाल तिथे पगाराच्या आधी विचारा, रोस्टर किती दिवस आधी येतो आणि मागच्या सहा महिन्यांत किती जणींनी सोडलं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजा.

पायाच्या शिरा फुगल्या असतील किंवा कंबर गेली असेल तर ते अंगावर काढू नका. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापला जातो, कार्डावर उपचार मिळतात, आणि ठरावीक दिवसांचं योगदान भरलेलं असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. शेवटी सोडायचंच ठरवलंत तर हातात दुसरं पत्र आल्यावरच सोडा, राजीनामा ग्रुपवर न टाकता मेलवर द्या, आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात, साठलेल्या रजेचे आणि न मिळालेल्या बदली सुट्ट्यांचे पैसे वहीतल्या तारखांसकट मागा.